कोणत्या ऋतूत कुठे जावं? मे, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि नाताळ (अकोल्याहून, सासूबाईंसह)

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही अकोल्याचे. घरात चौघं: मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, पण फिरायला निघायचं म्हटलं की पहिली पिशवी त्यांचीच भरून तयार असते.

नवऱ्याला सुट्टी चारदाच मिळते. मे महिन्यात आठ-नऊ दिवस, १५ ऑगस्टला जोडून चार, भाऊबीजेनंतर आठवडाभर आणि नाताळच्या सुमारास पाच-सहा दिवस. सगळ्या सहली एकाच वर्षी करायच्या असं नाही. दोन-तीन वर्षांत मिळून झाल्या तरी चालेल. पण प्रत्येक सुट्टीला तिला साजेशीच जागा निवडायची, असं या वेळी मनात पक्कं केलंय.

आजवर काय व्हायचं, तर मे आला की कुणीतरी एखाद्या प्रसिद्ध थंड हवेच्या गावाचं नाव घ्यायचं आणि आम्ही निघायचो. मागच्या मे महिन्यात अशाच एका ठिकाणी गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस गेला, आणि ज्या हिमशिखरांसाठी गेलो ती धुरकट हवेमागे दिसलीच नाहीत. तिथला चहावाला म्हणाला, दिवाळीनंतर या, तेव्हा सगळं लख्ख दिसतं. तेव्हापासून वाटतंय की प्रत्येक जागेचा आपला एक काळ असतो आणि तो आधी माहीत हवा.

लोणार, शेगाव, चिखलदरा झालंय. प्रवास शक्यतो रेल्वेने, थर्ड एसीने. खोली अडीच हजारांच्या आत. मुलाला वाघ बघायचाय. सासूबाईंना देवळं आवडतात, पण फार पायऱ्या नकोत. आणि मला प्रत्येक जागा तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसांत बघायचीय. स्वतः गेलेल्यांनी सांगावं ही विनंती.

---

नकाशा

पूर्णाकाठ, आधी सुट्ट्या बाजूला ठेवा आणि पाऊस कधी कुठे असतो ते बघा. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे आमच्या घरातल्या सहली कायम याच हिशेबाने ठरत आल्या. मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास केरळात येतो, ८ जुलैपर्यंत देशभर पोचतो, १७ सप्टेंबरच्या आसपास पश्चिम राजस्थानातून परतायला लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत बहुतेक देशातून गेलेला असतो. या सरासरी तारखा आहेत, दरवर्षी थोडं मागेपुढे होतं. पण तुमच्या चारही सुट्ट्या या तारखांशेजारी लिहून काढा, अर्धा निर्णय तिथेच होईल.

ऑगस्टपासून सुरू करते, कारण लोक सगळ्यात जास्त चुकतात ते याच सुट्टीत. १५ ऑगस्टला हिमालयात जाऊ नका. उत्तराखंड आणि हिमाचलमध्ये त्या दिवसांत दरडी कोसळतात, रस्ते तासन्‌तास बंद राहतात. २०२३च्या जुलैत बियास नदीने मनालीच्या वाटेवरचा रस्ता जागोजागी वाहून नेला होता. चार दिवसांच्या सुट्टीत एक दिवस जरी असा अडकलात तरी सहल संपली. कोकणात आणि घाटमाथ्यावर सृष्टी अप्रतिम असते, पण पाऊस इतका कोसळतो की वयस्कर माणसाला बाहेर पडायची उसंत मिळत नाही.

ऑगस्ट हा पठारांचा महिना. माळव्याचं पठार, आपलं मराठवाड्याचं पठार. इथे पाऊस येतो आणि उघडतो, मधल्या वेळात फिरता येतं. म्हणून मी तुम्हाला मांडू सुचवते, आणि मनापासून सुचवते. मांडू उन्हाळ्यात बघितलेल्या माणसाला ते गाव समजलेलंच नसतं. हे शहर विंध्याच्या एका सुट्या डोंगरावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलंय. तिथे नदी नाही. जे पाणी आहे ते पावसाचं, आणि बांधणाऱ्यांनी सगळा विचार त्या पाण्याभोवती केलेला आहे. जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधे उभा आहे. तलाव भरले की तो लांबच लांब महाल खरोखर पाण्यावर उभ्या जहाजासारखा दिसतो. गच्चीवर दगडात कोरलेल्या नागमोडी पन्हाळी आहेत, त्यांतून पाणी फिरत फिरत खालच्या हौदात उतरतं. मे महिन्यात त्या नुसत्या कोरड्या नक्षीसारख्या वाटतात. ऑगस्टमध्ये पाऊस पडत असताना तिथे उभं राहा आणि मुलाला पाणी कुठून कुठे जातं ते दाखवा. शाळेच्या पुस्तकात पाणी साठवण्याचा धडा असतो, इथे तो पाचशे वर्षांपूर्वी बांधून ठेवलेला आहे.

रूपमती मंडपापर्यंत गाडी बऱ्यापैकी वर जाते, शेवटी थोडी चढण आहे. ढग बाजूला झाले की खाली निमाडचं मैदान दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघही. गावात बुंध्याने अवाढव्य अशी गोरखचिंचेची झाडं दिसतील, तिथले लोक त्यांना खुरासानी इमली म्हणतात. त्याची फळं रस्त्याच्या कडेला विकायला असतात, मुलाला घेऊन द्या.

तुम्ही अकोल्याचे म्हणजे गाडीने मलकापूर, बऱ्हाणपूर करत जाता येईल. बऱ्हाणपूरला थांबा. मुमताजमहल १६३१ साली तिथेच वारली, आग्र्याचा ताजमहाल नंतरचा. मांडूहून खाली उतरलात की महेश्वर. अहिल्याबाईंचा वाडा, घाट, विणकरांचे माग, सासूबाईंना आवडेलच. पण नर्मदा ऑगस्टमध्ये भरलेली असते, तेव्हा नावेचा आग्रह धरू नका. ओंकारेश्वर मात्र श्रावणात टाळा. गर्दीत गुडघेदुखीचं माणूस नेऊ नये.

दिवाळीनंतरचा आठवडा हा या देशातला सगळ्यात मोलाचा आठवडा आहे. पावसाने हवा धुतलेली असते, थंडी बोचरी झालेली नसते. या सुट्टीत हिमालय. तुमच्या चहावाल्याने अगदी खरं सांगितलं. एप्रिल-मेमध्ये खालच्या मैदानातली धूळ वर चढते, कुमाऊँ-गढवालच्या चीडाच्या जंगलांत वणवे लागतात, आणि शिखरं झाकली जातात. तीच शिखरं नोव्हेंबरमध्ये सकाळी सहा वाजता खोलीच्या खिडकीतून दिसतात.

मी उत्तराखंडातलं कौसानी म्हणेन. उंची १,९०० मीटरच्या आसपास, म्हणजे श्वासाला त्रास नाही. समोर ७,१२० मीटरचं त्रिशूळ, ७,८१६ मीटरची नंदादेवी, उजवीकडे पंचचुली. सासूबाईंना कुठेही चढायचं नाही. खुर्ची टाकायची आणि बघायचं. गांधीजी १९२९ साली इथे राहिले होते, तो अनासक्ती आश्रम आजही आहे आणि त्याच्या अंगणातून समोर तीच रांग दिसते. जवळच गोमती नदीकाठी बैजनाथची दगडी देवळं आहेत. वाटेवर अल्मोड्याहून जागेश्वर करा. देवदारांच्या गर्द बनात शंभराहून अधिक लहानमोठी शिवमंदिरं आहेत, आणि चालणं जवळजवळ सपाटीवर आहे.

सासूबाईंनी केदारनाथचं नाव काढलं तर आधीच सांगून ठेवा की केदारनाथ आणि यमुनोत्रीचे दरवाजे भाऊबीजेलाच बंद होतात.

मे आणि नाताळवर इतरांना लिहू द्या. मेसाठी माझ्या मनात हिमाचलमधलं किन्नौर आहे, पण तुमच्याकडून तो प्रवास लांबचा पडतो.

---

ताडोबाकर

मे महिन्याचं मी सांगतो. ताई, तुम्ही विदर्भातल्या. पंचेचाळीस अंश तुम्हाला नवीन नाही. मग उन्हापासून पळता कशाला? मे हा जंगलाचा महिना आहे.

पानगळ झालेली असते, गवत वाळून बसलेलं असतं, त्यामुळे नजर लांबवर जाते. नाले आटतात आणि मोजकेच पाणवठे उरतात, म्हणून वाघ पाण्याजवळ येतो आणि कधी कधी पाण्यातच बसून राहतो. हिवाळ्यात हिरव्या झुडपामागून दहा पावलांवरून गेला तरी कळत नाही. हिवाळ्याचं जंगल सुंदर आहेच, पक्षी त्याच दिवसांत बघावेत. पण मुलाला वाघ बघायचाय ना, मग एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात. वाघ दिसेलच असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण या दिवसांत शक्यता सगळ्यात जास्त.

ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, आणि एरवी दर मंगळवारी. मध्य प्रदेशातले कान्हा, पेंचसुद्धा पावसाळ्यात तसेच बंद. बुकिंग ऑनलाइन करायचं, ज्याच्या नावावर परवाना त्याचं ओळखपत्र सोबत ठेवायचं. सकाळची फेरी घ्या, दुपारची नको. पहाटे जिप्सीत बसताना सुती फडकं डोक्याला, पाण्याच्या बाटल्या, आणि फिक्या रंगाचे कपडे. जिप्सीचे धक्के मात्र गुडघ्यांना आणि पाठीला सोसवत नाहीत, म्हणून आजींना एकाच फेरीत न्या आणि दुसऱ्या फेरीला त्या मुक्कामी आराम करतील असं ठरवा. हे ठासून सांगतो, कारण एकामागून एक फेऱ्या लावल्या की म्हातारं माणूस आजारी पडतं.

तुमच्या तर घराशेजारी नरनाळा अभयारण्य आहे. शहानूरवरून फेरी मिळते. आधी तिथे एक सकाळ काढा, मुलाला जंगलात शांत बसायची सवय होईल. मग ताडोबाचे पैसे वसूल होतात.

---

मालवणी_वारा

छोटंसं. कोकण यादीत आलं नाही म्हणून लिहितोय. ऑगस्टमध्ये समुद्रासाठी येऊ नका. लाटा खवळलेल्या असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, पाण्यातले खेळही बंद. जूनपासून कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने हळू धावतात, आणि गणपती जवळ आले की जागा मिळत नाही.

आमच्याकडे दोन वेळा चांगल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, किनारा आणि किल्ले. आणि मे, जर उकाडा चालत असेल तर. मेमध्ये घाम निथळतो हे खरंच, पण हापूस, फणस, करवंदं, जांभळं, सगळं एकाच वेळी अंगणात असतं. मुलांना मे महिन्यातलं कोकण जेवढं आठवतं तेवढं दुसरं काही आठवत नाही. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर वेळासला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, म्हणजे तुमच्या सुट्ट्यांत ते बसत नाही. मुलाची परीक्षा लवकर संपली तर जमवा.

---

उंचसखल

ऑगस्टसाठी लडाख कसं विसरलात सगळे? तिथे मोसमी पाऊस पोचतच नाही. हिमालयाच्या पलीकडे पर्जन्यछाया. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे चिखल असताना तिथे निळं आकाश आणि शेतात पिवळी पडत चाललेली बार्ली. माझ्या मते भारतातली खरी ऑगस्टची जागा तीच.

---

नकाशा

उंचसखल, पावसाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि तरुण मंडळी असती तर मीही तेच सुचवलं असतं. पण या कुटुंबाला नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने दोन तासांत तिथे उतरलं की पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते, आणि चार दिवसांच्या सुट्टीत मग उरतं काय? पँगाँग आणि नुब्राच्या वाटेवरच्या खिंडी तर ५,३०० मीटरच्या घरात आहेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडचा विचारही करू नये. आणि रस्त्याने जायचं तर मनालीपर्यंतची वाट पावसाच्याच बाजूला आहे. अटल बोगदा ओलांडला की कोरडं होतं, पण बोगद्यापर्यंत पोचायला हवं ना.

मुलगा कॉलेजात गेला की बापलेकांनी जूनअखेरीस जावं. लडाख कुठे पळून जात नाही.

---

कावेरीकाठ

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर चेन्नईत. दिवाळीत इकडे येऊ नका एवढं सांगायला लिहिते आहे. महाराष्ट्रात पाऊस संपला की सगळ्यांना वाटतं देशभर संपला. आमच्याकडे तो तेव्हा सुरू होतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी वारे येतात, चेन्नईचा वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस त्या अडीच महिन्यांत पडतो. डिसेंबर २०१५ चा पूर तुम्हाला आठवत असेल. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मराठी मंडळी रामेश्वरला येतात आणि वादळाच्या इशाऱ्यात अडकतात, फार वाईट वाटतं.

मे महिन्यातही नको. देवळात चप्पल बाहेर काढावी लागते आणि दुपारी दगडी अंगणात पाय टेकवत नाही. ओली चटई अंथरलेली असते, पण ती सगळीकडे नसते. उटी-कोडाइकनालला मेमध्ये जायचं म्हटलं तर २०२४ पासून गाड्यांना ई-पास लागतो, इतकी गर्दी झाली.

इकडे या ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जानेवारीत. पाऊस ओसरलेला असतो, कावेरीच्या कालव्यांना पाणी असतं, भातशेतं दोन्ही बाजूंना. आणि आपल्या माणसांनी तर तंजावर बघायलाच हवं. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ जगभरातून लोक बघायला येतात, पण त्याच देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. परक्या मुलखात देवळाच्या दगडावर ओळीमागून ओळी आपल्या भाषेत दिसतात. माझ्या सासूबाई तमिळ, त्यांना मी तिथे उभं राहून त्या ओळी वाचून दाखवल्या आणि त्या थांबून सगळं ऐकत राहिल्या. सरस्वती महाल ग्रंथालयही जवळच आहे. देवळाचं आवार सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. पुढे रामेश्वरला जा, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पांबन पुलावरून गाडी जाते.

---

ताडोबाकर

नाताळसाठी कच्छही आहे बरं का. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, दिवाळीनंतर ते आटतं आणि मीठ वर येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पांढरं रण चांगलं असतं, पौर्णिमा साधली तर उत्तम. रणाकाठच्या धोरडो गावातले तंबू महाग आहेत, भूजला राहून गाडीने जा, ८०-८५ किलोमीटर आहे. वाटेत भिरंडियाराला परवाना घ्यावा लागतो. रात्री थंडी कडक. फक्त एक, त्या दिवसांत आग्रा-वाराणसी ठरवू नका. धुक्याने उत्तरेतल्या गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिरा धावतात.

---

पूर्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. काल जेवताना मोबाईलवरून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आता असं ठरतंय: या १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर-मांडू-महेश्वर गाडीने. दिवाळीनंतर कौसानी. पुढच्या मेमध्ये आधी नरनाळा, मग ताडोबा. नाताळसाठी सासूबाईंनी तंजावर-रामेश्वर म्हटलं आणि कुणी वाद घातला नाही. कच्छ त्यापुढच्या वर्षी. कोकणातल्या मेबद्दल मुलगा अजून विचारतोय.

नकाशाताई, कौसानीबद्दल दोन शंका. सासूबाईंना थंडी कितपत सोसेल? आणि रेल्वेने कसं जमवू?

---

नकाशा

थंडी सोसेल, तयारी हवी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवसा उन्हात स्वेटरही नको वाटतो. सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि मग पारा झपाट्याने उतरतो. म्हणून संध्याकाळी साडेपाचच्या आत मुक्कामी, असा नियम करा. सासूबाईंना दोन जोड लोकरी मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. खोली घेताना पूर्व-उत्तरेला खिडकी आहे का आणि गिझर चालतो का, हे फोन करून विचारा. शिखरांकडे तोंड असलेली खोली थोडी महाग पडली तरी तीच घ्या, इथे पैसे वाचवू नका. सकाळी नऊनंतर कधी कधी ढग येतात, तेव्हा बघायचं ते पहाटेच.

रेल्वे काठगोदामपर्यंत जाते. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पहाटे पोचवते, किंवा सकाळची शताब्दी. दिल्लीत मुक्काम ठेवू नका, दिवाळीनंतर तिथली हवा फार वाईट असते. स्टेशन बदलून पुढची गाडी धरायची. काठगोदामहून कौसानीचा घाटरस्ता लांब आणि वळणांचा आहे. एका दमात न जाता अल्मोड्याला एक रात्र थांबा, जागेश्वर तेव्हाच उरकेल. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. भाऊबीजेनंतरच्या तारखा ठरवा, तिथून ६० दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठला तयार बसा. परतीचं तिकीट वेगळ्या दिवशी उघडेल, तेही लिहून ठेवा. दिवाळीनंतर दिल्लीहून महाराष्ट्राकडे येणाऱ्या गाड्या जाणाऱ्यांपेक्षा आधी भरतात.

आणि कोकणाचं म्हणाल तर मालवणी_वारा म्हणतात ते मला पटतं. ताडोबाला तीन दिवस पुरतात. मे महिन्याच्या आठ-नऊ दिवसांत उरलेले पाच दिवस आंब्यांना द्या.